तापीकाठचा तुटका तंगूस: पोतं भरण्याआधी काय करायचं, भरल्यावर काय

दर उन्हाळ्यात तापीच्या काठावर कुठे ना कुठे मुलं जमतात. कधी प्रकाशाला, कधी सारंगखेड्याला, कधी मुडावदच्या संगमावर, कधी हतनूरच्या पाणपसाऱ्यात. तुटका तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा पारदर्शक धागा, जाळ्यांचे तुकडे, दोऱ्या असं सगळं पोत्यांत भरलं जातं. महिन्याभराने तीच पोती गावाच्या उकिरड्यावर दिसतात, नाहीतर कुणीतरी ती पेटवून दिलेली असतात. मेहनत खरी असते आणि हेतूही चांगला असतो. चुकतो तो कामाचा क्रम. गोळा आधी केलं जातं आणि द्यायचं कुणाला हा प्रश्न नंतर पडतो. हा लेख तो क्रम नीट लावण्यासाठी आहे.

घाई का करायची, तेवढं आधी सांगतो. मुलताईपासून सुरतेजवळच्या समुद्रापर्यंत तापी सुमारे ७२४ किलोमीटर वाहते. मे महिन्यात काठावरच्या बाभळीला अडकलेला तंगूस जुलैच्या पुरात सुटतो. त्यातला काही गुजरातमधल्या उकाई धरणाच्या जलाशयात राहील, काही लाकूडफाट्यात गुंतून दरवाज्यांतून पुढे जाईल. समुद्रातल्या कासवाच्या वल्ह्यासारख्या पायांना तो आवळतो, तसाच त्याआधी आपल्या डोहातल्या मऊ पाठीच्या कासवाला आणि पाणकावळ्यालाही आवळतो. नायलॉन कुजत नाही. पाण्यात तो दिसत नाही म्हणूनच मासा त्यात फसतो, आणि बाकीचे जीवही त्याच कारणाने फसतात.

टप्पा १: आधी घेणारा ठरवा

पोतं हातात घेण्याआधी फोन हातात घ्या. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिक वितळवून दाणा करणारे बरेच आहेत, त्यामुळे खान्देशात हे काम अवघड जाणार नाही असं सगळ्यांना वाटतं. पण तिथला बराचसा माल चटईसाठी लागणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनचा किंवा पाइप-नळ्यांच्या प्लास्टिकचा असतो. तंगूस नायलॉनचा असतो. नायलॉन सुमारे २२० अंश सेल्सिअसला वितळतो, तर पाइपाचं पॉलिथिलीन १३० अंशांच्या आसपास. एकाच यंत्रात दोन्ही गेले तर एक जळतं आणि दुसरं कच्चं राहतं. म्हणून ‘प्लास्टिक घेता का?’ असं विचारू नका. ‘नायलॉनचा तंगूस आणि जाळी घेता का?’ असंच स्पष्ट विचारा.

होकार आला तर पुढचे प्रश्न लगेच विचारा. कमीत कमी किती किलो लागेल? धुतलेला हवा की न धुतलेला चालेल? लांब चालेल की तुकडे करून हवा? गाठीसकट जाळी चालेल का? रंगीत आणि पांढरा वेगळा करायचा का? उत्तरं वहीत लिहून घ्या. लांब तंगूस यंत्राच्या फिरत्या दांड्याला गुंडाळला जातो, म्हणून काही जण तुकडेच मागतात. काही जणांना उलट गुंडी, म्हणजे गुंडाळलेला लांब धागाच लागतो, कारण तुकडे सांडतात. हे कारखान्यागणिक बदलतं, त्यामुळे अंदाजाने काही करू नका.

जळगाव-धुळ्यात कुणी मिळालं नाही तर नाशिक आणि सुरतेकडे चौकशी करा. किमान वजन मोठं असेल तर दोन-तीन गावांनी मिळून साठवायचं ठरवा. नायलॉन नासत नाही. कोरडा आणि सावलीत ठेवला तर वर्षभर थांबू शकतो.

माझा पहिला प्रयत्न इथेच फसला. आम्ही तीन पोती भरून टेम्पोने एका कारखान्यात नेली. तिथल्या माणसाने एक पोतं उघडलं, हात घालून निळी दोरी, थर्माकोल आणि शिशाची गोळी बाहेर काढली आणि पोतं परत बांधून दिलं. तो रागावला नाही. ‘एवढ्या एका गोळीने माझी चाळणी फाटते,’ एवढंच म्हणाला. ती पोती आम्ही पुढचे चार रविवार बसून निवडली. काठावर निवडली असती तर हेच काम एका सकाळीत झालं असतं.

थांबा आणि तपासा: घेणाऱ्याचा होकार, किमान वजन आणि माल कसा हवा, या तीन गोष्टी वहीत नाहीत? मग पुढचा टप्पा सुरू करू नका.

टप्पा २: परवानगी, वेळ, सामान

धरणाचा आणि बॅरेजचा परिसर जलसंपदा विभागाकडे असतो. जलाशयातली मासेमारी बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. दोघांनाही आधी भेटा. संस्थेला भेटणं मी जास्त महत्त्वाचं मानतो. कुठलं जाळं टाकून दिलेलं आहे आणि कुठलं संध्याकाळी परत लावायचं आहे, हे फक्त त्यांनाच कळतं. दगडावर वाळत पडलेलं फाटकं जाळंही एखाद्या भोई कुटुंबाचं चालू हत्यार असू शकतं. विचारल्याशिवाय त्याला कात्री लावली तर तुम्ही एका घराची रोजी कापता, आणि त्या घाटावर पुन्हा कुणी तुमच्याशी बोलणार नाही.

सुरुवातीला संशय येणारच. एका आजोबांनी माझ्या हातातली गुंडी पाहून विचारलं होतं, ‘दादा, हाई काय कामनं शे?’ (हे काय कामाचं आहे?) त्यांना नीट समजावून सांगितलं. पुढच्या खेपेला घरातल्या फाटक्या जाळ्यांची गोणी त्यांनी स्वतः आणून दिली. काठावरच्या दहा फेऱ्यांत मिळणार नाही एवढा माल त्या एका गोणीत होता, आणि तोही जवळजवळ स्वच्छ. म्हणून संस्थेकडे पहिली मागणी हीच करा: जुनी जाळी नदीत किंवा चुलीत टाकू नका, आमच्यासाठी बाजूला ठेवा.

वेळ मार्च ते मे. पाणी ओसरलेलं असतं, बुडालेल्या बाभळी आणि खुंट उघडे पडतात, तंगूस डोळ्याला दिसतो. पण याच महिन्यांत नदी सुरय आणि टिटव्या वाळूच्या बेटांवर, उघड्या काठावर अंडी घालतात. ती वाळूच्या आणि खड्यांच्या रंगाची असतात, पायाखाली आल्यावरच कळतं. म्हणून मधल्या बेटांवर जायचंच नाही. डोक्यावर पक्षी ओरडत घिरट्या घालायला लागले की घरटं जवळ आहे असं समजा आणि आल्या वाटेने मागे फिरा.

सकाळी सहाला सुरू करा, नऊला थांबा. भुसावळ-जळगावचं मे महिन्यातलं ऊन सांगायला नको.

सामान थोडंच लागतं: जाड कातडी हातमोजे, कात्री, एक पक्कड, गळ ठेवायला झाकणाची जाड डबी, शिशासाठी वेगळी बरणी, चार वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्या, एक जुनी चादर, पिण्याचं पाणी, मलमपट्टी. पायात बूट हवेत, चप्पल चालणार नाही.

सावधान: ओसरलेल्या पाण्याचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत मऊ असतो. मांडीपर्यंत पाय रुततो. पुढे काठी टोचत चाला आणि एकट्याने जाऊ नका. पाण्याखाली अडकलेलं जाळं ओढायला स्वतः उतरायचं नाही. ते काम होडीवाल्या मच्छीमारांचं. बॅरेजच्या खालच्या बाजूला काम असेल तर त्या दिवशी पाणी सोडणार आहेत का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या.

टप्पा ३: काठावर गोळा करणं

तंगूस दिसला की पहिली इच्छा होते ओढायची. ओढू नका. ताणलेला तंगूस बोट चिरतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला गळ असेल तर तो सुटून तोंडावर येतो. आधी दोन्ही टोकं शोधा. झाडाला अडकला असेल तर झाडाजवळ कापा, मग हाताच्या पंजावर आठच्या आकड्यासारखा गुंडाळत या. झाडावरचा तुकडा शेवटी काढायचा, पण काढायचाच. फांदीवर लोंबणारा हातभर तंगूस बगळ्याला आणि खंड्याला पाण्यातल्या गुंत्याइतकाच धोकादायक असतो.

गुंता उचलण्याआधी काठीने उलटून पाहा. त्याखाली विंचू असतो, साप असतो, कधी जिवंत खेकडा किंवा मासा अडकलेला असतो.

काय उचलायचं याचा मोह आवरा. चिप्सची पाकिटं, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या उचलायच्या असतील तर दुसरी तुकडी, दुसरी पोती. तंगूसाच्या पिशवीत दुसरं काही पडलं की तो तंगूस राहत नाही, कचरा होतो.

संक्रांतीनंतर काठावर नायलॉन मांजाही सापडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी तो सापडतोच. तोही उचला, मात्र वेगळ्या पिशवीत. त्याला काचेची भुकटी लावलेली असते. ती यंत्राचं पातं खाते आणि सगळा माल खराब करते. मांजाचे वीतभर तुकडे करून, बंद डब्यात घालून नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या.

टप्पा ४: गळ आणि शिसं तिथेच काढा

हे घरी नेऊन करायचं नाही. काठावर चादर पसरा, चादरीवरच सगळं उलगडा.

गळ पकडीने धरून, त्याच्यापासून बोटभर अंतरावर तंगूस कापा आणि गळ लगेच डबीत टाका. ‘नंतर टाकतो’ म्हणून बाजूला ठेवलेला गळ हमखास कुणाच्या तरी पायात जातो. बोटात गळ रुतला आणि काटा आत गेला तर ओढून काढू नका. तसाच ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारा.

शिशाच्या गोळ्या बरणीत टाका. शिसं विषारी आहे. दाणे टिपताना, खडे गिळताना बदकं आणि पाणपक्षी या गोळ्या गिळतात आणि मरतात, म्हणून वाळूत पडलेली एकही गोळी सोडू नका. मुलांच्या हातात देऊ नका, घरी वितळवू नका, काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. भरलेली बरणी संस्थेकडे द्या. जाळ्याला वजन म्हणून मच्छीमार तीच गोळी पुन्हा वापरतात, नवी विकत घ्यावी लागत नाही.

जाळं असेल तर वरची आणि खालची जाड दोरी कापून वेगळी करा. घर, म्हणजे जाळ्याची विण, नायलॉनची असते. कडेची दोरी बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनची असते. बोये, थर्माकोल, बांधायच्या चिंध्या, प्लास्टिकच्या बाटल्यांचे तरंगे हे सगळं वेगळं.

टप्पा ५: ओळख, दोन बादल्यांची परीक्षा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

दिसायला सगळे धागे सारखेच वाटतात. पण पारदर्शक दिसणारा प्रत्येक धागा नायलॉनचा नसतो. हौशी गळवाले फ्लुरोकार्बनचा धागा वापरतात. तो तंगूसासारखाच दिसतो, पण त्याचं प्लास्टिक पूर्ण वेगळं असतं. विणलेला मऊ, सुतासारखा धागा बहुधा पॉलिथिलीनचा असतो. ओळखायला लोक काडी ओढतात, जळतो कसा ते बघतात, वास घेतात. हे करू नका. जळत्या नायलॉनमधून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो.

त्याऐवजी वजनाची परीक्षा घ्या. नायलॉन पाण्यापेक्षा थोडा जड आहे: पाण्याची घनता १, नायलॉनची सुमारे १.१४. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकी. फ्लुरोकार्बन बराच जड, १.७ च्या वर.

पहिल्या बादलीत साधं पाणी घ्या. दुसऱ्या बादलीत दर लिटर पाण्याला ३५० ग्रॅम जाडं मीठ घालून पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. दोन्हींत भांडी घासायच्या साबणाचा एकेक थेंब टाका.

शंका असलेल्या धाग्याचा दोन बोटांएवढा तुकडा कापा, त्याला गाठ मारा, पाण्याखाली बोटांनी चोळा आणि सोडा.

साध्या पाण्यात तरंगला, तर तो नायलॉन नाही. दोरीच्या पिशवीत टाका.

साध्या पाण्यात बुडाला आणि मिठाच्या पाण्यात वर आला, तर नायलॉन समजायला हरकत नाही.

दोन्हींत बुडाला, तर फ्लुरोकार्बन किंवा पॉलिएस्टर. तो ‘नको’ पिशवीत.

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, धागा न चोळता नुसता पाण्यावर टाकणं. बारीक तंगूस पाण्याच्या पृष्ठभागावर तसाच पडून राहतो, आणि गाठीत अडकलेला हवेचा बुडबुडाही त्याला वर धरतो. मग चांगला नायलॉन दोरीच्या पिशवीत जातो. साबणाचा थेंब आणि चोळणं त्यासाठीच. दुसरी, मीठ कमी पडणं. बटाटा तरंगला म्हणजे पाणी तयार झालं, असं कुणी सांगेल. ते खरं नाही. बटाटा नायलॉनपेक्षा हलका असतो, तो बराच आधी वर येतो. खात्रीसाठी दुकानातून आणलेल्या, रिळावर नायलॉन असं लिहिलेल्या नव्या तंगूसाचा एक तुकडा सोबत ठेवा. तो मिठाच्या पाण्यात वर आला की पाणी तयार. तिसरी चूक, एका गुंडीतला एकच तुकडा तपासून सगळी गुंडी पास करणं. गुंडीत तीन जाडीचे धागे दिसले तर तीन तुकडे तपासा.

मासेमारांच्या घरून आलेल्या एकाच जाळ्यातली वीण मात्र एकदा तपासली की पुरे. तिथे सगळा धागा एकच असतो.

थांबा आणि तपासा: पिशव्या आता चार असाव्यात. नायलॉन, दोरी, मांजा आणि ‘नको’. दोरीची पिशवी चटईच्या दाण्याचा माल घेणाऱ्याला दाखवा. पॉलिप्रॉपिलीन असेल तर तिथे तिला किंमत आहे. ‘नको’ पिशवीतल्या धाग्याचे एक फुटापेक्षा लहान तुकडे करून बंद डब्यातून सुक्या कचऱ्यात द्या. लांब धागा उघड्या कचऱ्यात गेला तर कावळे, कुत्री आणि गुरं त्यात अडकतात.

टप्पा ६: धुणं आणि वाळवणं

साधं पाणी पुरतं. टबात रात्रभर भिजवा, सकाळी शेवाळ आणि गाळ चोळून काढा. हे नदीत धुवायचं नाही, सुटलेले बारीक तुकडे पुन्हा पाण्यात जातात. धुतलेलं पाणी फडक्यातून गाळून झाडांना घाला. मिठाच्या बादलीचं पाणी मात्र झाडांना किंवा शेतात नको.

वाळवायला सावलीच हवी. उन्हाने नायलॉन ठिसूळ होतो, आणि काठावरचा बराच माल आधीच उन्हाने खाल्लेला असतो. एक टोक दोन बोटांत धरून झटका द्या. सुतळीसारखा तुटला तर ती गुंडी वेगळी ठेवा आणि घेणाऱ्याला आधी दाखवा. वाळलेला दिसला तरी दोन दिवस आणखी राहू द्या. नायलॉन आत पाणी धरतो, आणि ओला नायलॉन वितळवला की त्याची ताकद जाते.

टप्पा ७: बांधणं आणि पाठवणं

घेणाऱ्याने सांगितलं असेल तशी गुंडी किंवा तुकडे. तुकडे करायचे असतील तर बंद खोलीत, चादरीवर, पंखा बंद करून. मग विणलेलं पोतं, तोंड शिवलेलं. पोत्यावर वजन, तारीख, गाव आणि ‘नायलॉन, धुतलेला’ असं लिहा. पाठवण्याआधी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाचा मूठभर माल काढून बघा. कारखान्यातला माणूस हेच करणार आहे.

टप्पा ८: घाटावरचा पाइपाचा डबा

काठ एकदा साफ केला तरी नवा तंगूस पडतच राहतो, म्हणून घाटावर डबा हवा. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर यासाठी पीव्हीसी पाइप वापरतात, आणि आपल्याकडे शेतीमुळे पाइपाचे तुकडे मिळतातच.

१६० मिलिमीटरचा, दोन फूट लांबीचा तुकडा घ्या. वर कोपराजोड बसवा, तोंड पुढे आणि थोडं खाली झुकलेलं, म्हणजे पाऊस आत जात नाही आणि पक्षी घरटं करत नाही. खाली आट्याचं, म्हणजे फिरवून बसणारं झाकण लावा, त्याला पाणी निथळायला चार-पाच बारीक भोकं पाडा. खांबाला छातीच्या उंचीवर दोन ठिकाणी पट्टीने आवळा. झाडाला खिळे ठोकू नका. वर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा: ‘फक्त तंगूस. गळ आणि शिसं काढून टाका.’ नुसतं ‘कचरा टाकू नका’ लिहिलं की लोक नेमका कचराच टाकतात. प्रकाशासारख्या यात्रेच्या ठिकाणी निर्माल्यासाठी शेजारी वेगळा डबा असल्याशिवाय हा लावूच नका.

डबा लावणं सोपं, रिकामा करणं हेच खरं काम. ज्याच्या नावावर डबा आहे अशी एक व्यक्ती ठरवा, दर पंधरा दिवसांनी फेरी. तोंडातून बाहेर लोंबणाऱ्या तंगूसाचा डबा स्वतःच सापळा होतो. महिनाभर कुणाला वेळ नसेल तर डबा काढून घ्या.

मध्येच अडकलेला जीव सापडला तर

काम थांबवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मदत येईपर्यंत गर्दी मागे ठेवा. पक्ष्याच्या डोक्यावर हलकं फडकं टाका, डोळे झाकले की तो शांत होतो. बगळ्याची आणि पाणकावळ्याची चोच आधी धरा, ते थेट डोळ्यावर मारतात. बगळ्याची चोच बंद धरा, पण नाकपुड्या दाबू नका. पाणकावळा तोंडाने श्वास घेतो, म्हणून त्याची चोच धरताना थोडी उघडी राहू द्या.

तोंडातून किंवा मागून तंगूस बाहेर आलेला असेल तर तो कधीही ओढायचा नाही. दुसऱ्या टोकाला गळ आतड्यात रुतलेला असू शकतो. वीतभर तंगूस बाहेर ठेवून बाकीचा कापा, डॉक्टरला त्याच टोकावरून पुढचं कळतं. पायात किंवा पंखात रुतलेला फास कापला आणि पक्षी फडफडला तरी लगेच सोडू नका. आवळलेल्या जागेचं मांस एक-दोन दिवसांनी काळं पडतं. तो वनविभागाच्याच हातात द्या. कासवाला पाण्यात परत ढकलू नका, ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवा. मऊ पाठीचं कासव वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. ते घरी नेणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो.

पावसाळ्याआधीची शेवटची फेरी

मे महिन्याच्या अखेरीस काठावर एक फेरी मारा, फक्त झाडांवरचा आणि पूररेषेखालचा तंगूस काढायला. हतनूरचे ४१ दरवाजे उघडायला लागले की खालचा सगळा काठ पाण्याखाली जातो. त्याआधी घाटावरचे डबे रिकामे करा, पट्ट्या सोडा, पाइप घरी आणून ठेवा. पुरात वाहून गेलेला भरलेला डबा म्हणजे आपणच गोळा केलेला सगळा तंगूस एका गठ्ठ्यात नदीला परत दिल्यासारखं आहे. पाणी उतरलं, घाटावरचा गाळ वाळला की डबा त्याच खांबाला, त्याच उंचीवर पुन्हा लावा. वहीत तारीख लिहा आणि पहिल्या फेरीचा रविवार ठरवून ठेवा.